वाघ दिसला नाही तरी ये

बोगादी, म्हैसूर
16 नोव्हेंबर 2025

चि. सोनूस,


काल फोनवर तू एकदम गप्प झालीस. नाताळच्या सुट्टीत कबिनीच्या रानात सफारीला जायचं म्हणून तू दिवस मोजत होतीस आणि मी सांगितलं की सफारी बंद झाली. "मग मी तिकडे येऊन करू काय?" हा तुझा प्रश्न रात्रभर मनात राहिला. शेजारून तुझे बाबाही बोलत होते, म्हणून तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता लिहिते.

आपल्या घरापासून दीड-दोन तासांवर सरगूर तालुका आहे. एका बाजूला नागरहोळे, दुसऱ्या बाजूला बंडीपूर, आणि मधे कापसाची शेतं, छोटी गावं. गेल्या काही आठवड्यांत तिथल्या शेतकऱ्यांना वाघाने मारलं. 7 नोव्हेंबरला वनमंत्र्यांनी दोन्ही जंगलांतली सफारी थांबवली आणि तिथली माणसं, गाड्या वाघाच्या शोधाला लावल्या. आपल्याकडे दूध घालणाऱ्या बाईंचं माहेर तिकडचंच. त्यांचा भाऊ आता एकटा शेतात जात नाही. एकजण कापूस वेचतो, दुसरा काठी घेऊन बांधावर उभा राहतो. म्हणजे दोघांच्या मजुरीत एकाचंच काम. अशा वेळी आपण जीपमधून वाघ बघायला निघालो असतो तर त्या बाईंच्या तोंडाकडे मला बघवलं नसतं.

गावकरी म्हणतात, सफारीच्या गाड्यांच्या त्रासाने वाघ बाहेर येतात. एवढं एकच कारण असेल असं मला वाटत नाही. 2022 च्या गणनेत बंडीपुरात 150 आणि नागरहोळेत 141 वाघ मोजले गेले. प्रत्येक वाघाला स्वतःचा इलाखा लागतो. म्हातारा, जखमी किंवा नुकता आईपासून सुटलेला वाघ कडेला ढकलला जातो आणि कडेला गुरं असतात. त्यात टणटणी! तुमच्या टेकडीवरही असते बघ, रंगीबेरंगी फुलांची, उग्र वासाची. तिने इथलं रान एवढं व्यापलंय की खाली गवतच उगवत नाही. गवत नाही तिथे चितळ कुठून राहणार? तरीही सफारी थांबवली हे योग्यच झालं. रानाची वाट जाणणारे ड्रायव्हर आणि पहारेकरी आज पाहुण्यांपेक्षा त्या गावांना जास्त हवेत.

तुझ्या वहीत ताडोबाच्या पानावर "वाघ 4" असं लाल शाईने लिहिलेलं मी पाहिलंय. बाकी पान कोरं होतं. त्याविषयी मला तुला कधीचं सांगायचं होतं.

2008 च्या उन्हाळ्यात मी आणि तुझे आजोबा एका सफारीला गेलो होतो. वाघीण दिसली. पाच मिनिटांत सात-आठ गाड्या जमल्या, लोक उभे राहून ओरडायला लागले. वाघीण रस्ता ओलांडायला दोनदा पुढे आली आणि दोनदा मागे फिरली. मग आजोबांनी माझा हात दाबला आणि पलीकडे दाखवलं. झुडपाखाली दोन पिल्लं होती. आई एका बाजूला, पिल्लं दुसऱ्या बाजूला आणि मधे आम्ही. आमच्या ड्रायव्हरला मी गाडी मागे घ्यायला सांगितलं, तर गाडीतलेच लोक माझ्यावर चिडले. त्या दिवशी मी वाघ पाहिला असं मला कधीच म्हणता आलेलं नाही.

आणि अर्जुन हत्ती आठवतो का? 2019 चा दसरा, तू सहा वर्षांची होतीस, बाबांच्या खांद्यावर बसली होतीस. साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी घेऊन तो इतका सावकाश चालत होता की तू विचारलंस, त्याला झोप आलीय का? तो 1968 साली कबिनीकाठच्या काकनकोटेच्या खेड्ड्यात पकडलेला. माणसांनी ढोल-मशालींनी कळपच्या कळप हाकत नदीकडे न्यायचे आणि लाकडी कोटात कोंडायचे, याला खेड्डा म्हणत. सँडरसन नावाच्या इंग्रजाने 1870 च्या दशकात तो म्हैसूर संस्थानात सुरू केला. पाहायला राजे-महाराजे, लाटसाहेब यायचे, प्रेक्षकांसाठी खास बैठकी बांधायचे. वन्यप्राणी बघायची सुट्टी तेव्हा ती अशी होती! शेवटचा खेड्डा 1971 चा. मग 1974 मध्ये कबिनीचं धरण झालं, आणि ती जागा, आजूबाजूची गावं, रान, सगळं पाण्याखाली गेलं.

आता उन्हाळ्यात फुगवटा ओसरतो तेव्हा उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत येतं आणि दूरदूरचे हत्ती तिथे शेकड्यांनी जमतात. जिथे त्यांच्या आज्यांना कोंडलं, तिथेच. अर्जुन मात्र 2023 च्या डिसेंबरात गेला. सकलेशपूरकडे एका रानटी हत्तीला पकडायच्या मोहिमेत त्याला नेलं होतं, तिथल्या झुंजीत. इथे म्हैसुरात लोक घरचं माणूस गेल्यासारखे रडले.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: तू ये. पहाटे साडेपाचला मी तुला उठवीन. बोगादी रस्त्यानेच कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर जाऊ. हे तळं 1864 सालचं, मुम्मडी कृष्णराजांनी बांधलेलं. तिथल्या बेटावर झोळीवाले पक्षी घरटी करतात. अशा जागेला मराठीत सारंगागार म्हणतात. हा शब्द मारुती चितमपल्लींनी रुळवला. ते याच जूनमध्ये गेले. बाबांच्या कपाटात त्यांचं 'रानवाटा' आहे, ते येताना आण, रात्री दोघी मिळून वाचू. छत्तीस वर्षं वनखात्यात काढलेला माणूस रानात कसा गप्प बसतो ते त्यात कळतं.

एक दिवस संध्याकाळी बंडीपूरच्या नाक्यापर्यंत जाऊ. 2009 पासून तिथून जाणारा महामार्ग रात्री नऊला बंद होतो, तो थेट सकाळी सहाला उघडतो. मोजक्या बस आणि रुग्णवाहिका सोडल्या तर काही जात नाही. फाटक पडतं, ट्रकवाले इंजिन बंद करतात, चहाच्या टपरीवरचं बोलणंही हळूहळू थांबतं. मग पलीकडून चितळाची कूक ऐकू येते, एखादं वानर खाकरतं. दिसत काहीच नाही. मी आणि आजोबा त्या फाटकाशी कितीतरी वेळा नुसते उभे राहिलोय. ते गेल्यापासून मी तिकडे गेलेले नाही. एकटीने जावंसं वाटलं नाही.

स्वेटर आण, इथे डिसेंबरात पहाटे बोचरा गारवा असतो. आणि वही आण, लाल शाईची नको.

तुझी,
आजी