लोकरीसाठी नव्हे, मेंढीसाठी



पुनरुत्थानकाळातील चौथा रविवार म्हणजे उत्तम मेंढपाळाचा रविवार. तो दरवर्षी ऐन उन्हाळ्यात येतो. खांद्यावर कोकरू घेतलेल्या प्रभूचे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे; पण याच दिवसांत आपल्या शिवारात खरे मेंढपाळ मुक्कामाला असतात, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आमचेही जात नव्हते.

गेल्या आठवड्यात वस्तीवरील एका आजारी आजींना आम्ही कम्युनियन देऊन आलो. निघताना आजींनी विचारले, "फादर, मी आता चर्चच्या काय कामाची?" आम्ही सांत्वनाचे दोन शब्द बोललो, पण उत्तर काही जमले नाही.

परतताना उसाच्या मोकळ्या रानात पारनेरकडील एका धनगर कुटुंबाचा वाडा उतरलेला दिसला. नवरा-बायको, मुलगा-सून, दोन नातवंडे, घोडी, कुत्रा आणि पन्नास-साठ मेंढ्या. रात्री वाघर लावून मेंढ्या शेतात बसवायच्या. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. पहाटे चारायला न्यायचे, ऊन चढले की झाडाखाली आणायचे. सावली अपुरी पडली की मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोके घालून उभ्या राहतात. उन्हे उतरल्यावर आकडीने बाभळीच्या शेंगा पाडून द्यायच्या. संध्याकाळी सूनबाई कोकरे सोडते, आणि एवढ्या कालव्यात प्रत्येक कोकरू आपल्याच आईपाशी जाते.

त्या दिवशी कातरणी चालली होती. मेंढी आडवी पाडलेली, पाय बांधलेले, मोठी कात्री सपासप चाललेली. आणि मेंढी गप्प. यशया संदेष्ट्याने प्रभूच्या सेवकाला कातरणाऱ्यापुढील मेंढीची उपमा का दिली, हे आम्हाला तिथे डोळ्यांनी दिसले.

आम्ही विचारले, "मामा, लोकरीला भाव काय मिळतो?"

ते हसले. "भाव कसला? कोणी नेली तर नेली, न्हाय तर बांधावर टाकायची."

एका कातरणीत एका मेंढीची लोकर अर्धा किलोसुद्धा भरत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची ही काळी, जाडीभरडी लोकर. पूर्वी सणगर विणकर तिची घोंगडी विणत, चिंचोक्याची खळ देत. आता गिरणीची ब्लँकेटे आली आणि लोकरीचा भाव गेला.

"मग एवढी मेहनत कशाला?"

"लोकरीसाठी न्हाय कातरत, मेंढीसाठी कातरतो. उन्हात जीव कासावीस होतो तिचा. लोकरीत गोचीड बसतं, पावसात भिजली की आजारी पडती. अंगावरचं ओझं उतरलं की कशी चरती बघा."

आजींच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या रानात मिळाले.

योहानाच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात प्रभू मजुरी घेणारा आणि मेंढपाळ यांतील फरक सांगतो. लांडगा आला की मजुरीवाला पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात. पण लांडगा रोज येत नाही. मिळकत थांबली की सेवाही थांबते का, हे मात्र रोज दिसते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कांट या जर्मन विचारवंताचा एक भेद आम्ही पाठ केला होता: वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते. किंमत असलेल्या वस्तूच्या जागी दुसरी ठेवता येते; माणसाच्या जागी कोणालाच ठेवता येत नाही. परीक्षेत गुण मिळाले. आजींपुढे ते आठवले नाही. आणि खरे सांगायचे, तर त्याआधी दोन महिने आम्ही त्यांच्याकडे गेलोच नव्हतो. सणाची तयारी होती, चर्चच्या दुरुस्तीची वर्गणी होती. वर्गणी देणाऱ्या घरी जायला मात्र वेळ मिळाला होता. याबद्दल आम्ही त्यांची क्षमा मागितली आहे, आज आपल्यासमोरही मागतो.

आता आपण आपापल्या घरात पाहू या. पेन्शन संपलेले वडील, हात थकलेली आई, नापास झालेला मुलगा, काम सुटलेला भाऊ: यांच्याकडून लोकर मिळत नाही म्हणून आपण त्यांना बांधावर टाकले आहे का? या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने आपल्या वस्तीवरील एका आजारी किंवा वृद्ध व्यक्तीच्या घरी जावे. काही नेले नाही तरी चालेल. अर्धा तास बसावे, ऐकावे.

आज पाचारणासाठी प्रार्थनेचाही दिवस आहे. 1964 पासून जगभरची ख्रिस्तसभा तो पाळते. नवे धर्मगुरू मिळावेत म्हणून प्रार्थना करा. आणि आहेत ते मजुरीवाले होऊ नयेत, म्हणून आमच्यासाठीही करा.

उत्तम मेंढपाळ प्रभू येशू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू