सण त्यांचा, ऋण कुणाचं?

नाशिकला राहण्याचा एक त्रास असा की, बाहेरगावचा पाहुणा आला आणि त्याला पंचवटी-काळाराम दाखवून झालं, की तो हमखास विचारतो, "नोटा तुमच्याकडेच छापतात ना हो? मग तुम्हाला काय कमी?" नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात हे खरं. पण त्या छापखान्याच्या भिंतीला लागून राहणारा माणूससुद्धा पंचवीस तारखेनंतर शेजाऱ्याकडे उसनेच मागतो. त्यातून मी बँकेत कारकून. गावात छापलेल्या नोटा दिवसभर मोजायच्या आणि संध्याकाळी कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांची घासाघीस करायची, हा माझा अर्थव्यवहार.

तरीही सरकारच्या कर्जाबद्दल माझं जे काही ज्ञान आहे ते बँकेत मिळालेलं नाही, की बी. कॉम.च्या पुस्तकांतही नाही. ते मिळालं आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर. तिथे रोज सकाळी नाना आणि तात्या महाराष्ट्राची तिजोरी उघडतात आणि चहा संपला की बंद करतात. नाना सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. तात्यांची दिंडोरीकडे द्राक्षबाग. दोघांचे पक्ष वेगळे, चहा एकच.

मला नोंदी ठेवायची खोड आहे. (बँकेत पंचवीस वर्षं काढल्यावर माणूस स्वप्नातसुद्धा जमा-खर्च जुळवतो.) २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ. नाना म्हणाले, "याला म्हणतात दिलासा!" तात्या म्हणाले, "शुद्ध फसवणूक!" पुढे सरकार बदललं. २०१९ च्या डिसेंबरात महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती जाहीर झाली. आता तात्या म्हणाले, "बळीराजाला न्याय!" आणि नाना म्हणाले, "तिजोरीवर दरोडा!" गंमत म्हणजे तात्यांचं नाव नेमकं २०१७ च्या यादीत निघालं होतं. फसवणूक थेट त्यांच्या खात्यात जमा झाली. ती त्यांनी परत केल्याची माझ्याकडे नोंद नाही.

२०२४ साली 'लाडकी बहीण' आली. महिन्याला दीड हजार. रेवडी या शब्दाने ज्यांची सकाळ उजाडायची त्या नानांना एका रात्रीत स्त्रीशक्तीचा साक्षात्कार झाला. तात्यांना राज्याच्या कर्जाने झोप येईना. मग निवडणुकीत एका बाजूने २१०० कबूल केले, तर दुसऱ्या बाजूने ३०००. त्या दिवशी तात्यांना गाढ झोप लागली. "नाना, महागाई किती वाढलीय बघा की! दीड हजारात होतंय काय?"

एकंदरीत माझ्या वहीतून निघालेला सिद्धान्त असा : आपल्या पक्षाने वाटलं तर ते कल्याण, दुसऱ्याने वाटलं तर ती उधळपट्टी, आणि आपल्याला स्वतःला मिळालं तर तो हक्क. नानांचं पेन्शन हक्क, तात्यांच्या पंपाचं माफ झालेलं वीजबिल हक्क. सिंहस्थासाठी येणारे कोटी तर आम्हा तमाम नाशिककरांच्या मते खर्चच नव्हेत. तो विकास! दुसऱ्या गावात झाला असता तर खर्च.

हा सिद्धान्त मी एकदा मोठ्या ऐटीत घरी सांगितला. आमची ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "आणि तुमचं काय?"

"माझं काय? मी पगारदार माणूस. मला कोण फुकट देतंय?"

"मागे तुमची बँक बुडायला आली होती ना, तेव्हा सरकारनं पैसे घातले म्हणून पेढे कोणी आणले होते?"

आता हिला ते पेढे आठवायचं काही कारण नव्हतं. पण आठवले खरे. २०१७ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने सरकारी बँका सावरायला २ लाख ११ हजार कोटींची योजना जाहीर केली. त्यातले १ लाख ३५ हजार कोटी रोख्यांतून, म्हणजे साध्या मराठीत कर्ज काढून, यायचे होते. मोठमोठ्या लोकांनी थकवलेल्या कर्जांचं भगदाड बुजवायला काढलेलं हे कर्ज! बहिणींना दीड हजार मिळायच्या सात वर्षं आधी हा लाडका भाऊ लाभार्थी होऊन बसला होता, आणि त्याला कुणी रेवडी म्हटलं नव्हतं. मी तर नाहीच.

तेव्हापासून काउंटरवरच्या रांगेकडे बघायची माझी नजर जरा बदलली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, राखी पौर्णिमेच्या आसपास, दोन हप्त्यांचे मिळून तीन हजार जमा झाले आणि बायकांची ही गर्दी उसळली. एका बाईंनी दोनच हजार काढले. मी म्हटलं, "मावशी, अजून हजार आहेत." तर म्हणाल्या, "असू द्या साहेब. माझ्या नावावर असू द्या. कधी काही नव्हतं ना."

मला सांगा, हे पैसे वाया गेले असं कुठल्या तोंडाने म्हणू? पण २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्याच्या कर्जाचा अंदाज होता ९ लाख ३२ हजार कोटी. बारा-तेरा कोटी माणसांत वाटला तर दर डोई सत्तर-पंचाहत्तर हजार. म्हणजे मावशींच्या नावावर एका वहीत हजार जमा, आणि दुसऱ्या एका वहीत त्याच्या सत्तरपट नावे. ती दुसरी वही त्यांना कुणी दाखवलेली नाही. मलाही नाही.

अशा वेळी मला माझी पगाराची स्लिप आठवते. तिच्यात दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापलेला असतो. फेब्रुवारीत, महिना लहान असूनही, तीनशे. वर्षानुवर्षं मी त्यावर चडफडत आलो. मग एकदा त्याचं मूळ कळलं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना काम देणारी रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिली होती. ती चालवायला पैसे हवेत म्हणून १९७५ मध्ये आम्हा पगारदारांवर हा कर बसवला. पुढे २००५ साली देशभराचा रोजगार कायदा झाला, त्याला नमुना या योजनेचाच. माझ्या मनात आलं, त्या वेळी निदान देणाऱ्याला तोंडावर सांगितलं होतं : बाबा रे, तिकडे माणसं उपाशी आहेत, म्हणून तुझ्या खिशातून एवढे काढतोय. मी कुरकुरलो असेन, पण मला विचारून कुरकुरायची संधी तरी दिली. आज दोन्ही बाजू सांगतात ते फक्त किती देणार. कुणाकडून घेणार हे कुणीच सांगत नाही. ऋण काढून सण करायला हरकत नाही. घराचा पाया घालायला ऋण काढावंच लागतं. पण ऋणाच्या कागदावर ज्याची सही नाही, त्याने ते फेडायचं, हे कुठल्या बँकेच्या नियमात बसतं?

हे सगळं मी परवा टपरीवर बोलणार होतो. पण नाना-तात्यांचं तापलं होतं. शेवटी दोघेही "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही" असं एकमेकांना सांगून उठले. टपरीवाल्याने उधारीची वही काढली.

"चार चहा, एक बिस्किटचा पुडा. कुणाच्या नावावर लिहू?"

नानांनी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी माझ्याकडे. मग तात्या हसत म्हणाले, "लिही नानांच्या नातवाच्या नावावर! मोठा झाला की देईल."

नानांचा नातू, वय वर्षं पाच, बाकड्यावर पाय हलवत बसला होता. त्याने हातातला पुडा पुढे केला आणि म्हणाला, "पण आजोबा, बिस्किटं तर तुम्हीच खाल्लीत."

पुड्यात एकच बिस्किट उरलं होतं. तेही अर्धं. मी मुकाट्याने खिशात हात घातला.