कुंभारीच्या माळावरची घरं

सोलापूरजवळ कुंभारीच्या माळावर रे नगर वसाहत उभी राहू लागली तेव्हापासून शहरात काही शंका कानावर येत राहिल्या. इतक्या लांब, उघड्या रानात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरं कशाला? पाणी कुठून आणणार? दहा वर्षांत त्याची झोपडपट्टी झाली तर? असं विचारणारे सगळे काही कामगारांच्या वाईटावर नाहीत. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असूनही नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, अशा गावात पाण्याची धास्ती खोटी कशी म्हणावी? तरीही ही घरं व्हायलाच हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

विडी वळणाऱ्या बाईचं घर हाच तिचा कारखाना असतो. तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची, मापाला कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. पूर्व भागातल्या भाड्याच्या एका खोलीत उजेड असतो तो दारातच, म्हणून ती दारात बसते. मागे स्टोव्ह, बाजूला पोराचा अभ्यास, आणि तंबाखूची धूळ सगळ्यांच्याच श्वासात. मालकाने खोली रिकामी करायला सांगितली की निवारा आणि कामाची जागा एकाच दिवशी जाते. तिच्या नावावर ३०० चौरस फूट होणं ही म्हणूनच फार मोठी गोष्ट आहे.

घरं नाकारली म्हणून माणसं नाहीशी होत नाहीत. ती गुंठेवारीत जातात. शेताचे तुकडे पाडून विकलेल्या जागेवर पैसे साठतील तशा भिंती चढतात. रस्ता, गटार, दिवे यांची मागणी पुढची वीस वर्षं चालते. १९९२च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागांनी हे पुरेपूर भोगलं आहे. पाणी त्या लोकांनाही लागतंच, फक्त त्याचा आराखडा कुणी केलेला नसतो.

याच कुंभारीत विडी कामगार महिलांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीची १०,००० घरं झाली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचं वाटप झालं. रे नगरची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ला नरेंद्र मोदींनी केली आणि १९ जानेवारी २०२४ला पहिली १५,००० घरंही त्यांनीच सुपूर्द केली. दोन्हींच्या मागे मार्क्सवादी नेते नरसय्या आडम मास्तर यांची चिकाटी. मोदींचं कौतुक केलं म्हणून मार्क्सवादी पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं होतं. पक्षाची अडचण समजण्यासारखी आहे. पण घरासाठी पै-पै भरून बसलेल्या बायकांपुढे मास्तरांना दुसरं काय करता आलं असतं?

लांब म्हणतात, तर लांब कुठून? शहरातल्या नवी पेठेतून कुंभारी दूर वाटते. पण टॉवेल-चादरीचे कितीतरी माग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहेत आणि कुंभारी त्याच वाटेवर पुढे आहे. पाळी सुटण्याच्या वेळेला बस असेल तर हे अंतर अडणार नाही. विडीची पानं देणं आणि तयार माल घेणं वसाहतीतच झालं, तर विडीवालीला शहरात खेटे घालावे लागणार नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पूर्ण भरल्यावर ही वस्ती लाखावर माणसांची होईल, म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाहून मोठी. एवढ्या वस्तीचा कचरा, सांडपाणी, दवाखाना, शाळा हे सगळं ग्रामपंचायतीच्या बळावर कसं पेलणार? महापालिका म्हणणार हद्दीबाहेर आहे, गाव म्हणणार आमची ऐपत नाही. झोपडपट्टी होण्याची भीती ज्यांना वाटते, त्यांनी आपला सगळा जोर इथे लावावा. स्वतंत्र नगर परिषद करा किंवा महापालिकेत घ्या, पण कोण जबाबदार ते आताच ठरवा. आणि इमारतींच्या दर गटामागे तळमजल्यावर एक हवेशीर दालन द्या, बायकांना एकत्र बसून विड्या वळता येतील असं. तंबाखू तिथे राहील, स्वयंपाक घरात.