छंदाचा खर्च

आमच्या जुन्नर-आंबेगावात दशक्रियेला भाषणं होतात. पिंडाला कावळा शिवला, प्रवचन आटोपलं की माइक फिरू लागतो आणि गेलेला माणूस पाच मिनिटांत दिलदार, मनमिळाऊ, हरहुन्नरी होऊन जातो. मामांच्या दशक्रियेला मीही बोललो. त्यांचं मासेमारीचं वेड आणि भटकंतीची हौस यावर लोकांना हसवलं, शेवटी थोडं रडवलंही. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय आणि पेपरात द्यायच्या पुण्यस्मरणाचा मजकूर माझ्याकडे सोपवलाय. बोललो ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरं होतं का?

वेड होतंच. डिंभे धरणाच्या फुगवट्याला मामा गळ टाकून बसायचे. कणकेत चिमूटभर हळद घालून गोळी मळायची, ज्वारीच्या दाण्याएवढीच. वाम हवी असेल तर गांडूळ. दोरी तर्जनीवर हलकी धरलेली. चिलापी लागली की तोंड वाकडं, रोहू लागला की दिवसभर तोच विषय. मासे नसतील तेव्हा एसटी. कधी नाणेघाट उतरून पायी वैशाखरे, तिथून मुरबाड. कधी थेट महेश्वर, नर्मदेकाठी. घाटातला दगडी रांजण, नागनिकेचा लेख हे सगळेच दाखवतात. मामा सांगायचे ते जुन्नरच्या लेण्यांतल्या एका छोट्या ब्राह्मी लेखाबद्दल : इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिली. "कुठला कोण, आला आणि पाण्याची सोय करून गेला बघ!"

हे सगळं मी दशक्रियेच्या घाटावर रंगवून सांगितलं. मामी कुठेच आली नाही त्यात.

आमच्याकडे शेतीला थ्री फेज लाइट बऱ्याचदा रात्रीची येते, आणि हा बिबट्यांचा मुलूख. मामा महेश्वरला असताना मामी बॅटरी घेऊन कांद्याला पाणी धरायची, हातात काठी, तोंडाने मोठ्यानं अभंग, म्हणजे जनावराला चाहूल लागावी. परवा बराखीत सडका कांदा निवडताना ती म्हणाली, "मामा चांगला होता रे तुझा. घरी असता तर अजून चांगला वाटला असता." बोलताना हात थांबले नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक टोचते. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव नाव पडलं, ते गाव घोड नदीवरच्या याच डिंभे धरणात गेलं. तालुक्याची कचेरी आज घोडेगावात आहे. ज्या महादेव कोळी कुटुंबांच्या खाचरांवर पाणी चढलं, त्यांनी पुढे सोसायटी करून त्याच पाण्यात मासेमारीचा हक्क मागितला, त्यासाठी झगडले. मामा तिथे बिनधास्त गळ टाकत. कुणी हटकलं तर म्हणत, "पाणी काय कुणाच्या बापाचं?" माझ्या भाषणात सगळ्यात मोठा हशा याच वाक्याला मिळाला. डिंभ्याकडून आलेले दोघे मागे बसले होते. ते हसले का, हे मी पाहिलंच नाही. आणि वाक्याचं उत्तर तर सरळ आहे : पाणी नसेल, पण खालची जमीन त्यांच्याच बापजाद्यांची होती.

गंमत म्हणजे मामांचं खरं मोठेपणही मी गाळलं. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे लागतात, पोटं अंड्यांनी टम्म. पोरं काठ्या घेऊन धावायची. तेव्हा मामा गळाला हात लावत नसत आणि पोरांना शिव्या घालत. त्यात हशा नव्हता, म्हणून ते राहिलं.

मग मी सांगत काय होतो? पुण्यात पगारावर बसलेल्या माझ्या मनातला एक मोकळा माणूस. तसं जगायची छाती मला नव्हती, म्हणून ते मामांच्या नावावर खपवलं. मामीनं त्या मोकळेपणासाठी रात्री दिल्या. माझं प्रेम मात्र फुकटचं, मे महिन्याच्या सुट्टीपुरतं. आता उलट टोक गाठून मामांना बेजबाबदार ठरवणंही तितकंच सोपं; तेही मला करायचं नाही. ते मला आजही आवडतात. त्यांच्या हौसेचा खर्च मामीनं भरला. दोन्ही खरं आहे.

पेपरातल्या चौकटीत एवढं मावत नाही. म्हणून 'दिलदार' काढलं, 'हरहुन्नरी' काढलं. मामांचं नाव, तारीख, आणि खाली 'समस्त परिवार' असतं तिथे सगळ्यात आधी मामीचं पूर्ण नाव, असा मजकूर दिलाय.