रक्त एकच, बाजू दोन

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या पक्ष्यांत एक अजब झीब्रा फिंच निघाला. उजव्या गालावर नराचा केशरी डाग, कुशीला पांढऱ्या ठिपक्यांची तांबूस पिसं. डावीकडे मादीचा साधा राखाडी रंग. छातीवर मधोमध रेघ आखावी तसा. अर्धनारीनटेश्वर आठवतोच, आणि त्याचीही उजवी बाजूच पुरुषाची, हा निव्वळ योगायोग.

या जातीत मादी गात नाही. हा पक्षी गायचा, माद्यांपुढे मिरवायचा. मेल्यावर पाहिलं तर उजवीकडे वृषण, डावीकडे अंडाशय. आर्थर अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ साली त्याच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाण्याचं केंद्र उजवीकडे चांगलंच मोठं होतं. १९५९च्या गिनीपिगवरच्या प्रयोगांपासून नर-मादी मेंदूतल्या फरकाचं सगळं श्रेय संप्रेरकांना जात होतं. इथे दोन्ही बाजूंना रक्त एकच, संप्रेरकं तीच. मग फरक आला कुठून? पेशींच्या स्वतःच्या गुणसूत्रांतून. मात्र डावी बाजूही नेहमीच्या मादीपेक्षा नराकडे झुकलेली होती. मला तर हीच गोष्ट जास्त मोलाची वाटते: संप्रेरकं आणि गुणसूत्रं, दोन्ही पक्षांचे वकील एकाच साक्षीदारावर खूश व्हावेत, तसं झालं.

पण असा पक्षी दैवानंच हाती यायचा. मुद्दाम घडवायला उंदीर बरा. वृषण घडवणारं एसआरवाय हे जनुक वाय गुणसूत्रावर असतं. ते तिथून गेलेलं आणि दुसऱ्या, लिंगाशी संबंध नसलेल्या गुणसूत्रावर बसवलेलं, असे उंदीर तयार झाले. मग चार प्रकारची पिल्लं होतात: एक्सएक्स नर आणि मादी, एक्सवाय नर आणि मादी. गुणसूत्रं आणि जननग्रंथी, या जन्मभर एकमेकांना चिकटलेल्या दोन गोष्टी सुट्या झाल्या. जननग्रंथी काढून टाकल्यावरही एक्सएक्स उंदीर एक्सवायपेक्षा जास्त लठ्ठ झाले, मग ते मुळात नर असोत की मादी. तसंच ल्युपसचं: प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे नऊपट. उंदरांतही एक्सएक्सना तो जास्त जडला.

पुढे २०२४ साली कळलं की या उंदरांच्या एका वाणात वायला एक्सचा तुकडा चिकटलेला आहे. त्यात नऊ जनुकं, आणि त्यांतलं एक टीएलआर७, ल्युपसच्या चर्चेत हमखास येणारं. एकच एक्स असलेल्या उंदराकडेही त्याच्या दोन प्रती निघाल्या. त्या वाणावरचे प्रतिकारशक्तीचे जुने निकाल आता पुन्हा तपासायला हवेत. लठ्ठपणाच्या निष्कर्षाला यानं तडा जातो असं मला वाटत नाही, पण पिंजऱ्यावरची चिठ्ठी वाचताना आता हात थोडा अडखळणारच.