साडेछत्तीस अंशांची रेघ

१८२० साली अमेरिकेच्या काँग्रेसने एक भांडण मिटवले. मिसुरी हे गुलाम बाळगणारे राज्य म्हणून संघराज्यात येऊ पाहत होते. त्याने सेनेटमधला तोल बिघडला असता, म्हणून गुलामगिरी नसलेले मेन त्याच्या जोडीला आत घेतले गेले, आणि फ्रान्सकडून विकत घेतलेल्या पश्चिमेकडच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशावर रेघ ओढली गेली. रेघेच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी, दक्षिणेला मुभा. वॉशिंग्टनात अनेकांना हायसे वाटले. निवृत्त झालेले थॉमस जेफरसन मात्र हादरले. त्या एप्रिलमध्ये लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी बजावले की, नैतिक तत्त्वावरचा वाद आणि भूगोलाची रेषा एकदा एकमेकांवर बसली की ती रेषा पुसली जात नाही, प्रत्येक नव्या चिडीने ती अधिक खोल कोरली जाते. शेकडो माणसांचा मालक असलेल्या या माणसाचे हे निदान मला नंतरच्या कितीतरी विवेचनांपेक्षा नेमके वाटते. ४१ वर्षांनी यादवी पेटली आणि ६ लाखांहून अधिक सैनिक मेले. ती गुलामगिरीमुळे झाली, आणि प्रादेशिक फुटीमुळेही झाली. पण यातले एकटे कोणतेही कारण एवढ्या मोठ्या युद्धाला पुरले नसते. अन्यायाला नकाशावर हद्द नेमून दिली गेली, आणि शांततेसाठी आखलेल्या त्या हद्दीच्या दोन अंगांना हळूहळू दोन राष्ट्रे उभी राहिली, असे माझे म्हणणे आहे.

उत्तर आणि दक्षिण ही काही निसर्गाने घडवलेली जोडी नव्हे. १७९० च्या जनगणनेत एकट्या न्यूयॉर्क राज्यात २१ हजारांहून अधिक गुलाम होते, आणि तिथली गुलामगिरी पुरती संपायला १८२७ साल उजाडले. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्येच टप्प्याटप्प्याने मुक्तीचा कायदा केला होता. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘उत्तर’ म्हणतो ती कायद्यांनी, आणि बरीच रखडत, तयार झाली. दक्षिण घडवली कापसाने. १७९३ मध्ये एली व्हिटनी यांचे सरकी काढण्याचे यंत्र आले, आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला, आणि मरणपंथाला लागेल अशी अनेकांची अटकळ असलेली प्रथा पुन्हा बाळसे धरू लागली. १७९० मध्ये देशात सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये ३९ लाखांच्या वर. तोवर अमेरिकेच्या निर्यातीच्या किमतीत निम्म्याहून अधिक वाटा कापसाचा झाला होता. व्हर्जिनियाच्या जमिनी कस गमावत होत्या, तिथले मालक माणसे अलाबामा-मिसिसिपीकडे विकत होते, कुटुंबे लिलावात तुटत होती. नवी जमीन मिळत राहिली तरच हा व्यापार टिकणार होता. म्हणून गुलामगिरीला जागच्या जागी राहणे पुरेसे नव्हते, तिला पसरायला हवे होते.

रेघ आधी नकाशावर होती, पुढे ती एकेका संस्थेतून गेली. १८३६ ते १८४४ या काळात प्रतिनिधिगृहाने गुलामगिरीविरोधी अर्जांवर चर्चाच करायची नाही असा नियम चालवला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स म्हातारपणी त्याच्याशी झुंजत राहिले. १८४४-४५ मध्ये मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट पंथ प्रांतवार दुभंगले. एकच बायबल वाचणारी माणसे एका बाकावर बसेनाशी झाली. मग १८५० ची तडजोड आली, आणि तिच्यात पळालेल्या गुलामांचा कायदा. पकडलेला माणूस मालकाच्या ताब्यात द्यायचा ठरला तर निवाडा करणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर, सोडून दिला तर ५. मला या तपशिलापाशी थांबावेसे वाटते. न्यायाची किंमत कायद्यानेच अर्धी करून ठेवली होती, आणि तीही देश एकत्र राखण्याच्या नावाखाली. १८५४ मध्ये अँथनी बर्न्स या तरुणाला बोस्टनच्या रस्त्यांतून सैन्याच्या पहाऱ्यात बंदरावर नेऊन गुलामगिरीत परत पाठवले गेले. हजारो लोक ते बघत उभे होते. तोवर ज्यांना हा प्रश्न दूरचा वाटत होता त्यांच्या दारात तो येऊन उभा राहिला. त्याच वर्षी सेनेटर स्टीफन डग्लस यांच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने १८२० ची रेघ रद्द केली. निर्णय तिथल्या वसाहतवाल्यांच्या मतांवर सोडला गेला आणि कॅन्ससमध्ये मतपेटीपाठोपाठ बंदुका आल्या. कागदावरून रेघ गेली. माणसांच्या मनातली जाण्याची वेळ केव्हाच टळली होती.

आता दोन्ही कारणे वेगवेगळी पारखून पाहू. प्रादेशिक हितसंबंधांचा झगडा १८३२-३३ मध्येही पेटला होता. साउथ कॅरोलायनाने केंद्राची जकात आपल्या हद्दीत रद्द ठरवली, राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी बळाची धमकी दिली. दक्षिणेतली इतर राज्ये मदतीला आली नाहीत, दर कमी झाले, प्रकरण निवले. जकातीच्या दरात मधला आकडा काढता येतो. उलट ब्राझीलमध्ये गुलामगिरी अमेरिकेहूनही जुनी, पण ती अनेक प्रांतांत पसरलेली होती, तिच्याभोवती कायद्याची रेघ नव्हती. १८८८ मध्ये तिथे मुक्तीचा कायदा झाला, पुढच्या वर्षी सम्राटाचे सिंहासन गेले, तरी देश दुभंगला नाही. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने मालकांना २ कोटी पौंड मोजले. गुलामांना त्यातली कवडीही मिळाली नाही, पण युद्ध टळले, कारण ते मालक समुद्रापार विखुरलेले होते. अमेरिकेत मालकांकडे सलग मुलूख होता, स्वतःची विधिमंडळे होती, आणि १७८९ ते १८६१ या ७२ वर्षांत सुमारे ५० वर्षे राष्ट्राध्यक्षपदी गुलामांचा मालक होता. जो वर्ग राज्य करण्याला सरावला आहे आणि ज्याला आपली म्हणावी अशी सलग भूमी आहे, तो निवडणूक हरला की देश सोडण्याचा विचार करू शकतो.

दक्षिण राज्यांच्या हक्कांसाठी लढली, हा आक्षेप आजही ऐकू येतो. त्याला उत्तर दक्षिणेच्याच कागदपत्रांत आहे. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायनाने फुटण्याची कारणे जाहीर केली. त्यांत तक्रार आहे ती उत्तरेतील राज्यांनी आपल्या अधिकारात केलेल्या, पळालेल्या गुलामांना आसरा मिळेल अशा कायद्यांची. म्हणजे राज्यांनी आपले हक्क वापरले हाच गुन्हा. फुटलेल्या राज्यांच्या नव्या महासंघाच्या संविधानाने तर कोणत्याही राज्यात आपले गुलाम घेऊन जाण्याचा नागरिकांचा हक्क पक्का केला. ते नाकारण्याचा हक्क राज्यांना ठेवला नाही. महासंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना इथे उघड सांगितले की, कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या बरोबरीचे नाहीत हीच या सरकारची कोनशिला आहे. जकातीचे म्हणाल तर ती वाढवणारा मॉरिल कायदा सेनेटमध्ये मंजूर झाला तो दक्षिणेचे सदस्य उठून गेल्यानंतर. आणि राज्ये कोणत्या क्रमाने फुटली तेही पाहावे. आधी फुटलेल्या सात राज्यांत एकूण लोकसंख्येचा जवळपास निम्मा भाग गुलाम होता. फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या जाऊन युद्ध पेटल्यानंतर गेलेल्या चार राज्यांत सुमारे ३० टक्के. आणि संघराज्यातच राहिलेल्या चार गुलाम राज्यांत एकत्रितपणे १५ टक्क्यांहून कमी. व्हर्जिनियाचा डोंगराळ पश्चिम भाग, जिथे गुलाम थोडे, तो खुद्द व्हर्जिनियापासून फुटून १८६३ मध्ये वेगळे राज्य झाला.

यापेक्षा वजनदार आक्षेप दुसरा आहे: उत्तर तरी कुठे समतेसाठी लढली? हे खरेच आहे. लिंकन १८६० मध्ये गुलामगिरीचा फक्त प्रसार थांबवण्याच्या वचनावर निवडून आले. मार्च १८६१ मध्ये, राज्यांमधल्या गुलामगिरीला केंद्राने कधीही हात लावू नये अशी घटनादुरुस्ती काँग्रेसने संमतही केली होती. तेवढ्याने फुटलेली राज्ये परतली नाहीत, कारण जागेवर अडकलेली गुलामगिरी त्यांना नको होती. उत्तरेची भूमिका बदलली ती फार करून गुलामांमुळेच. मे १८६१ पासून व्हर्जिनियातल्या, पण संघराज्याच्या ताब्यात असलेल्या फोर्ट मन्रो या किल्ल्याकडे माणसे पळून येऊ लागली. त्यांना परत करायचे की ठेवून घ्यायचे, हे सेनापतींना रोज ठरवावे लागले. पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय संघराज्याच्या सैन्यात लढले. रेघेच्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी ज्यांना वाटाघाटीचा विषय मानले होते, ते स्वतः पक्षकार झाले. मुक्ती त्यातून आली, लिंकन यांच्या नुसत्या मुक्तीच्या जाहीरनाम्यातून नव्हे.

१८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटल्याबद्दल अमेरिकेतील लोकांना ते कौतुकाने अर्पण केले. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा ही त्यांची इच्छा होती. त्यांनी त्या युद्धाकडे उत्तर-दक्षिणेच्या भांडणासारखे पाहिले नाही, माणसाने माणसाची बेडी तोडल्यासारखे पाहिले, आणि ते पाहणे योग्य होते. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातील कोलफॅक्स गावात सशस्त्र गोऱ्यांनी डझनावारी कृष्णवर्णीयांची कत्तल केली, त्यांतल्या अनेकांची शरण आल्यानंतर. त्यानंतर चार वर्षांनी, १८७६ च्या वादग्रस्त निवडणुकीचा तिढा सोडवताना, युद्धानंतर दक्षिणेत उभ्या राहिलेल्या सरकारांना आधार देणारे उरलेसुरले सैन्य मागे घेण्यात आले. दक्षिणेचे प्रश्न दक्षिणेने पाहावेत असे ठरले, आणि वॉशिंग्टनात पुन्हा एकदा हायसे वाटले.