कॅलेंडरवरचे आकडे

पाटोदा तालुक्यातली आजी एप्रिलच्या सुरुवातीला दोन महिन्यांसाठी पुण्याला मुलाकडे आली. घरात माणसं चार: मुलगा, सून, कॉलेजातली नात आणि नववीची परीक्षा देऊन मोकळा झालेला नातू. आजी पाचवी.

सकाळी साडेसातला पोळ्यांच्या मावशी यायच्या. वीस पोळ्या ठरलेल्या. आज जेवायला कोण आहे, हे विचारायला कुणाला सवड नव्हती; मावशींना पुढची दोन घरं गाठायची असत आणि सूनबाईंची बस सव्वाआठची. शिवाय कमी पडायला नको, ही धास्ती होतीच. मग दुपारपासून एकेक उलगडा व्हायचा. मुलाच्या ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस. नातीने मैत्रिणींबरोबर मिसळ खाल्लेली. नातू क्लासवरून येताना वडापाव खाऊन आलेला. सकाळी डबा उघडला की तळाशी कडक झालेल्या तीन-चार पोळ्या. त्या ओल्या कचऱ्याच्या हिरव्या बादलीत जायच्या आणि बादली घंटागाडीत.

हे घर उधळं होतं असं कुणी समजू नये. सूनबाई कोथिंबिरीची देठंसुद्धा वाटणाला ठेवायच्या. ताटात घास टाकायचा नाही, ही मुलांना लहानपणापासूनची शिस्त होती. ताटं लख्ख असायची. डब्याकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं.

आजीने पहिल्या दोन दिवसांतच हे पाहिलं, पण बोलली नाही. सुनेच्या स्वयंपाकघरात आल्या आल्या शहाणपण सांगू नये, एवढं तिला कळत होतं. आधी तिने त्या शिळ्या पोळ्या स्वतः खायला घेतल्या. सूनबाईंना ते बघवेना. “आई, तुम्ही ताजं खा हो. उन्हाळा आहे.” त्यांचंही खरंच होतं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली होती. पूर्वी तिथे दुधाचा हिशेब लिहीत. आता दुधाचे पैसे मोबाइलवरून जात, त्यामुळे चौकोन कोरेच होते. आजी रोज बादलीत जाणाऱ्या पोळ्या मोजायची आणि त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहायची. ३. २. ४. एकादशीला ९, कारण सासू-सुनेचा उपास असूनही पोळ्या वीसच झाल्या होत्या.

महिनाअखेरीला पान उलटताना मुलगा थबकला. “आई, हे काय गं? एवढं दूध कुठं घेतो आपण?”

“दूध न्हाई बाबा. पोळ्या हायेत.”

नातवाने बेरीज केली. ९४. मावशी तिथेच कणीक मळत होत्या. त्या म्हणाल्या, किलोभर कणकेत तीस-पस्तीस पोळ्या होतात. म्हणजे जवळजवळ तीन किलो. नातवाने शाळेत पाण्यावर प्रकल्प केला होता. किलोभर गहू पिकायला सरासरी अठराशे लिटर पाणी लागतं, हे त्याच्या लक्षात होतं. त्याने कागदावर गुणाकार केला. पाच हजार लिटर.

“म्हंजी आमच्याकडं येतो तो बारका टँकर,” आजी म्हणाली. “त्यावर आमची आळी दोन दिस काढती.”

नातीने मोबाइलवर शोधलं. “आजी, हे सगळीकडेच होतं गं. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल आहे. भारतात घराघरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं, साली-देठांसकट. म्हणजे आपल्यासारख्या चौघांच्या घरात २२० किलो.”

“जगाचं राहू दे. आपल्या डब्याचं बघू.”

सूनबाईंचा चेहरा उतरला. “म्हणजे चूक माझीच.”

“तुझी कशी, बाय? तुला कुणी सांगतच न्हाई.” आजीने मुलाकडे पाहिलं. “बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांची व्हते. आईसंगं खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची. घरी मिलो ज्वारीची तांबडी भाकर, घशाखाली उतरायची न्हाई. पण आई पिठाला हात लावायच्या आधी रोज इचारायची, कोण कोण हाय जेवायला? तुमच्याकडं पीठ लई हाय. इचारतं कोण?”

मुलगा काही बोलला नाही. त्या रात्री झोपण्याआधी त्याने पेन्सिल घेतली आणि उद्याच्या चौकोनात स्वतःपुढे लिहिलं: सकाळी ३, रात्री नाही. बाकीच्यांनीही लिहिलं. सकाळी मावशींनी ते पाहून तेरा पोळ्या केल्या. पोळ्या कमी झाल्या तरी मावशींचे पैसे तेच राहतील, हे सूनबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. नात दोनदा लिहायला विसरली. एका रात्री मुलाचा मित्र अचानक आला आणि पोळ्या कमी पडल्या. कुकर लावला, सगळे पिठलं-भात जेवले, कुणाची अब्रू गेली नाही. उरलेल्या दोन-तीन पोळ्यांचा सकाळी कांदा घालून कुस्करा व्हायचा, नाहीतर गूळ-तुपाचा लाडू. लाडू नातू दुपारपर्यंत टिकू द्यायचा नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आजी पेरणीसाठी गावी परतली. कॅलेंडरची पेन्सिल तशीच बांधलेली राहिली. महिना संपल्यावर नातवाने फोन करून जूनची बेरीज सांगितली: अकरा.

“चांगलं झालं,” आजी म्हणाली. “हिकडं पाऊस न्हाई अजून. टँकर चालूच हाय.”